डबीवरचे हृदय

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला घरी आला. शाळेच्या आठवणी निघाल्या, चकली-चिवड्याचे कौतुक झाले, आणि उठता उठता त्याने पिशवीतून तीन डब्या काढून मेजावर ठेवल्या. तिन्हींवर लाल हृदयाचे चित्र होते. "सर, दादांसाठी आणल्यात. हृदयाला बळ देतात. सगळे नैसर्गिक आहे, अपाय काही नाही," असे तो म्हणाला. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. विद्यार्थ्याचे मन कसे मोडावे, या संकोचाने मी गप्प राहिलो. तो संकोच केवढा महाग पडला असता, हे तीन महिन्यांनी कळले. म्हणून हा लेखनप्रपंच.

बडोद्यात काय किंवा इंदूर-ग्वाल्हेरीत काय, आपल्या अनेक घरांतून आज अशा डब्या आढळतात. कुणाचा मुलगा परदेशातून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवतो, कुणाला शेजारी लसणाच्या गोळ्या सुचवतात. देणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. परंतु हेतू चांगला म्हणून वस्तू गुणकारी ठरत नाही; तिची पारख निराळी करावी लागते.

पूरक म्हणजे औषध नव्हे

औषध विक्रीस येण्यापूर्वी ते अमुक रोगावर उपयोगी पडते, याचा पुरावा द्यावा लागतो. आहारपूरक पदार्थ मात्र कायद्याने अन्नाच्या सदरात मोडतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने या पदार्थांसाठी २०१६ साली स्वतंत्र नियमावली केली. तिच्यानुसार डबीवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे 'औषधी उपयोगासाठी नव्हे', असे छापणे बंधनकारक आहे. लाल हृदयाचे चित्र सर्वांना दिसते. हे चार शब्द वाचण्याचे कष्ट मात्र थोडेच लोक घेतात. डबीवरील चौदा आकडी परवाना क्रमांक उत्पादकाची नोंद सांगतो. आतील गोळी हृदयविकार टाळते, अशी ग्वाही तो देत नाही.

आशा आणि कसोटी

माशाच्या तेलाची कीर्ती ग्रीनलंडमधून आली. १९७० च्या दशकात बांग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी तेथील मत्स्याहारी इन्युइट लोकांच्या रक्ताचा अभ्यास केला, आणि ओमेगा-३ या स्निग्धाम्लांमुळे हृदयाचे रक्षण होत असावे, असा तर्क मांडला. १९९९ साली इटलीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत या तर्काला पुष्टीही मिळाली. परंतु २०१८ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. अमेरिकेतील एकीत सुमारे २६ हजार सर्वसामान्य स्त्रीपुरुष होते, ब्रिटनमधील दुसरीत १५ हजारांहून अधिक मधुमेही. रोज एक ग्रॅमची कॅप्सूल वर्षानुवर्षे घेऊनही हृदयविकाराच्या गंभीर घटना एकंदरीत लक्षणीय प्रमाणात घटल्या नाहीत. रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढलेल्या काही रुग्णांना डॉक्टर शुद्ध स्वरूपातील ओमेगा-३ मोठ्या मात्रेत देतात. ते औषध आहे, डबीतील पूरक नव्हे. मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो, हेही आढळले आहे.

जीवनसत्त्वांची कथा अधिक बोधप्रद आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साडेनऊ हजार रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना सुमारे साडेचार वर्षे 'ई' जीवनसत्त्व देण्यात आले. हृदयाला लाभ झाला नाही. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना गोळीतून दिले, तेव्हा त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला, असे १९९४ साली जाहीर झाले. गाजर खाण्यात धोका नाही. त्यातील एक अंश गोळीत भरला की तो गाजराचे काम करील, हा समज मात्र फसवा ठरला. हृदयविकार टाळण्यासाठी ही दोन्ही पूरके घेऊ नयेत, असा सल्ला अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०२२ साली दिला.

त्याच वर्षी जाहीर झालेली आणखी एक चाचणी आपल्या स्वयंपाकघराच्या जवळची आहे. माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि लाल यीस्टचा तांदूळ या सहा पूरकांची तुलना रोसुव्हास्टॅटिन या औषधाच्या अवघ्या ५ मिलिग्रॅम मात्रेशी करण्यात आली. अठ्ठावीस दिवसांत औषधाने वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले. सहांपैकी एकही पूरक नुसत्या बिनऔषधी गोळीहून सरस ठरले नाही. लसूण फोडणीत उत्तम आणि हळद भाजीत उत्तम. तेथे त्यांचे स्थान कोणी हिरावून घेत नाही.

मग सारेच व्यर्थ का? तसे नाही. आमच्या गुजरातेतील उंझ्याच्या बाजारात पोत्यांनी विकला जाणारा इसबगोल याला सन्माननीय अपवाद आहे. त्याच्या भुशीतील विद्राव्य तंतू पित्तरसाला बांधून ठेवतात. नवा पित्तरस बनविण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल खेचून घेते. दिवसाला सुमारे दहा ग्रॅम भुशीने वाईट कोलेस्टेरॉल पाच ते दहा टक्के उतरू शकते. लाभ माफक आहे, पण खरा आहे. मात्र भुशी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, नाहीतर ती घशात अडकू शकते. आणि इतर औषधे व ती यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. शाकाहारी घरांतून 'बी-१२' जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळदा असते. रक्ततपासणीत ती निघाल्यास भरून काढलीच पाहिजे, परंतु ती रक्त आणि मज्जातंतू यांच्यासाठी. त्याने हृदयविकाराचा झटका टळतो, असे सिद्ध झालेले नाही.

खरा धोका कोठे?

आता दादांकडे येतो. फेब्रुवारीत वहिनींना त्यांच्या दंडावर निळसर डाग दिसू लागले. दात घासताना रक्त येई. डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा मी त्या तीन डब्याही पिशवीत घेतल्या. डॉक्टरांनी एकेक डबी उलटून वाचली. एकीत लसणाचा तीव्र अर्क होता. दादांना ॲस्पिरिन चालू असल्याने दोहोंच्या संगतीने रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते, असे त्यांनी समजावले. मग सहज विचारले, "कोलेस्टेरॉलची गोळी नियमित आहे ना?"

दादा खाली पाहू लागले. डब्या आल्यापासून त्यांनी ती गोळी बंद केली होती. तेच काम नैसर्गिक वस्तू करीत असेल, तर रसायन कशाला, असा त्यांचा हिशेब. रक्त तपासले. पूर्वी ६६ असलेले वाईट कोलेस्टेरॉल १३८ वर गेले होते. "तुमचे दैव बलवत्तर," एवढेच डॉक्टर म्हणाले.

डबीतल्या गोळीपेक्षा, तिच्यापायी बाजूला पडलेली गोळी अधिक घात करते, हे मला त्या दिवशी उमजले.

निवड करताना

ज्यांना पूरक घ्यायचेच आहे, त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली, आपल्यात कोणती उणीव आहे, हे तपासणीने ठरवावे, जाहिरातीने नव्हे.

दुसरी, डबीची मागील बाजू वाचावी. पुढे ठळक अक्षरांत '१००० मिलिग्रॅम' असते ते बहुधा तेलाचे वजन. त्यात उपयोगी ओमेगा-३, म्हणजे ईपीए आणि डीएचए मिळून, पुष्कळदा ३०० मिलिग्रॅमच भरते.

तिसरी, डॉक्टरांकडे जाताना सर्व डब्या बरोबर न्याव्यात. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही औषधांवर 'के' जीवनसत्त्वाचा विपरीत परिणाम होतो. लाल यीस्टच्या तांदळात लोव्हास्टॅटिन या औषधाचाच घटक असू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी तर हे सांगणे अत्यावश्यक.

चौथी, डॉक्टरांना विचारल्यावाचून चालू गोळी कधीही सोडू नये.

आणि डब्यांवर दरमहा जाणारा पैसा डाळी, पालेभाज्या, फळे आणि मूठभर शेंगदाणे यांवर खर्चून पाहावा. तंबाखू सोडणे, रोज चालणे आणि दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवणे यांना तर खर्चही नाही.

दादांची गोळी पुन्हा सुरू झाली, डाग गेले. मी त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले. रागावण्याच्या तयारीत होतो, पण त्याचा चेहरा पाहून शब्द गिळले. विक्रेत्यांच्या सभेत जे ऐकले, ते त्याने खरे मानले होते. आम्ही दोघांनी ती डबी समोर ठेवून, पूर्वी वर्गात धडा वाचीत असू तशी, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. वाचता वाचता तो थांबला. "सर, आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. मी तिलाही ह्याच दिल्यात."

चहा तसाच टाकून तो उठला आणि डब्या घेऊन आईच्या डॉक्टरांकडे गेला.