कागदाचा पडदा आणि वऱ्हाडी ऊन

मे 2024 च्या अखेरीस अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे गेला आणि माणसांना उन्हापासून वाचवण्यासाठी जिल्हा प्रशासनाला 31 तारखेपर्यंत कलम 144 लावावे लागले. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या मोटारींमधले, मागच्या काचेखालच्या ट्रेवरचे ओव्हल स्पीकर मात्र भाजतच राहिले.

स्पीकरच्या कोनाला, म्हणजे हलणाऱ्या पडद्याला, कडेने धरून ठेवणारी फोमची कडी पॉलियुरेथेनची असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे तिचे तीन वैरी, आणि वऱ्हाडात मे ते जुलैच्या दरम्यान ते तिघेही भेटतात. काही वर्षांनी ही कडी बोट लावताच काळा भुगा होऊन हाताला चिकटते. कोन शाबूत, चुंबक ठणठणीत, तरी स्पीकर बाद! तो भंगारात टाकणे म्हणजे नुसती नासाडी.

‘भाऊ, आवाज फाटून रायला’ असे म्हणत गिऱ्हाईक येते. पण आवाज फाटतो म्हणजे कोनच फाटला, असे नाही. बडनेरा-मूर्तिजापूरमार्गे जाणारा अमरावती-अकोला रस्ता अनेक वर्षे खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून 2022 मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनच्या हिशेबाने 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून त्याचा विश्वविक्रमच झाला. पण तसले खड्डे असले की दरवाजातल्या स्पीकरचे स्क्रू सैल पडतात आणि सगळा स्पीकरच खडखडतो. म्हणून जाणता कारागीर आधी स्क्रू बघतो, मग मल्टिमीटर लावतो. चार ओहमच्या स्पीकरची कॉइल साधारण साडेतीन ओहमच्या आसपास दाखवते. काहीच दाखवले नाही तर कॉइल किंवा तिची तार तुटलेली. मग तो बोटे सगळीकडून सारखी टेकवून कोन हळूच आत दाबतो. खर्र आवाज आला तर कॉइल चुंबकाच्या गॅपमध्ये घासते आहे, आणि अशा वेळी वरून कितीही ठिगळे लावली तरी उपयोग नाही.

जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये मांडलेली रचना मुळात आजही तीच आहे: चुंबकाच्या फटीत कॉइल, कॉइलला चिकटलेला कोन. तो बहुतेकदा कागदाच्या लगद्याचा. त्यामागचा नागमोडी घड्यांचा स्पायडर अनेकदा राळेत भिजवून कडक केलेल्या सुती कापडाचा असतो. कापूस पिकवणाऱ्या या मुलखाने ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

कोनाला नुसती चीर असेल तर काम सोपे. धूळ ब्रशने झाडायची, पातळ टिश्यू पेपर चिरेहून थोडा मोठा फाडायचा, पाणी घातलेल्या पांढऱ्या फेविकॉलने दोन्ही बाजूंनी बसवायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. कात्रीने कापलेल्या सरळ कडेपेक्षा फाडलेली कड कागदात चांगली मुरते. घाईने फेविक्विक लावणाऱ्यांचे काम टिकत नाही. तो थर काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या शेजारीच नवी चीर जाते.

कडी बदलायची तर खरी कसोटी लागते. जुना गोंद ब्लेडने खरवडायचा, मधली डस्ट कॅप कापून काढायची आणि कॉइलच्या आत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या सगळीकडून खोचायच्या. गॅप एक मिलिमीटरहूनही कमी. कॉइल केसभर तिरकी बसली की घासलीच. गोंद पक्का धरेपर्यंत पट्ट्या हलवायच्या नाहीत. मग नवी कॅप आणि शेवटी दीड व्होल्टचा सेल: धन टोक धनाला लावले की कोन बाहेर यायला हवा. तारा उलट जोडल्या गेल्या तर दोन स्पीकर एकमेकांचा बास खाऊन टाकतात.

वऱ्हाडात फोमच्या जागी रबराची कडी घालणेच शहाणपणाचे, ती उन्हात जास्त टिकते. पण रबर जड असते, त्यामुळे आवाजाचा पोत थोडा बदलतो. एकाच बाजूला रबर घातले तर डावी आणि उजवी बाजू जुळत नाही, म्हणून चांगला कारागीर गिऱ्हाईकाकडून धडधाकट वाटणारा दुसरा स्पीकरही मागून घेतो.