यथामिलित

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघर पार्थिव गणेशाचे पूजन होते. आरंभी यजमान हातात उदक घेऊन संकल्प करतो. त्या लांबलचक संकल्पात देश-कालाचा उच्चार होतो, गोत्र येते, नाम येते, आणि पुढे एक सामासिक शब्द येतो : ‘यथामिलितोपचारद्रव्यैः’. पुरोहित तो वेगाने म्हणतात, यजमान अर्धामुर्धा म्हणतो आणि पूजा पुढे सरकते. जी उपचारद्रव्ये सहज मिळाली त्यांनी पूजा करतो, एवढाच त्याचा अर्थ. हा शब्द उच्चारून झाल्यावर आपण पूजा मात्र नेमकी त्याच्या उलट करतो, आणि त्याचा भार नदीस, शहराच्या गटारांस व आपल्याच घरास सोसावा लागतो, हे यंदाच्या चतुर्थीनिमित्त वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

‘पार्थिव’ म्हणजे पृथिवीचे, मातीचे. ही मूर्ती टिकावी अशी अपेक्षाच नाही. प्राणप्रतिष्ठेने तीत देवत्व आणावयाचे, षोडशोपचारे पूजन करावयाचे आणि उत्तरपूजा करून देवास निरोप द्यावयाचा. अक्षता पडल्या, मूर्ती जागेवरून किंचित हलविली, की देवत्व निघून गेले. उरली ती माती. ती मातीस परत मिळावी म्हणून जलात विसर्जन. पूजेच्या आदी माती आहे आणि अंतीही मातीच आहे. हा क्रम ध्यानी घेतला, की मूर्ती कशाची असावी हा वाद उरत नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती या क्रमात बसत नाही. जिप्सम नावाचे खनिज सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापविले म्हणजे त्यातील पाण्याचा पाऊण हिस्सा उडून जातो व पांढरी भुकटी उरते. तीत पाणी घालताच ती काही मिनिटांत आवळते आणि पुन्हा जिप्समच होते, म्हणजे दगडच. हा दगड लिटरभर पाण्यात फार तर दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. पाच किलोची मूर्ती पुरती विरघळावयाची तर दोन हजार लिटरांहून कमी पाणी पुरणार नाही, आणि काळही पुष्कळ लागेल. मग अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी घाटावर जे दृश्य दिसते त्यात नवल ते काय! आमच्या वाईस कृष्णेच्या घाटावर आम्ही लहानपणापासून विसर्जने पाहिली. पूर्वी सकाळी पायऱ्यांवर गाळाचा पातळ थर असे. पुढे पुढे सोंड तुटलेल्या, हात मोडलेल्या मूर्ती दिसू लागल्या. ज्यास दहा दिवस ‘मोरया’ म्हटले त्याचे असे अवयव पाहणे ही आम्हांस साधी गोष्ट वाटत नाही. वर धोम धरण आहे. नदीत पाणी किती राहील हे आता पावसावर नव्हे, दरवाजांवर ठरते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 साली मार्गदर्शक सूचना सुधारून प्लास्टरच्या मूर्ती नकोत असे सांगितले. प्रकरण न्यायालयात गेले. 2025 च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित कराव्यात असा आदेश दिला. आपल्या देवाची उंची न्यायमूर्तींना फुटांनी मोजावी लागली! ज्यांच्या घरी प्लास्टरची मूर्ती आलीच आहे त्यांच्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एक तोड काढली आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली म्हणजे तिचा खडू होतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरते, जे खत म्हणून चालते. पुणे महापालिकेने हे चूर्ण नागरिकांस विनामूल्य वाटले. उपाय चांगला आहे. पण तो पुढल्या वर्षी लागू नये, हेच बरे.

शाडूची बाजू घेताना दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पेण आणि हमरापूर परिसरातील कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ मूर्तींवर चालतो. प्लास्टरची मूर्ती साच्यातून झटपट निघते, हलकी असते, प्रवासात टिकते. शाडूची जड, वाळावयास सावकाश आणि जरा दुर्लक्ष झाले की तडकणारी. कारागिराने प्लास्टर धरले ते आपण स्वस्त, उंच आणि चकचकीत मागितले म्हणून. त्यास दोष देण्यापूर्वी गिऱ्हाइकाने आपली मागणी पाहावी. दुसरे असे, की शाडूही फुकट येत नाही. तो बहुतांशी गुजरातेतून येतो, खणून काढावा लागतो, आणि ढिगाने नदीत पडला तर गाळच होतो. म्हणून मूर्ती वीतभर असावी, आणि तिचा शाडू पुन्हा वापरात यावा. पुण्यात काही वर्षांपासून विसर्जनानंतरचा शाडू गोळा करून मूर्तिकारांस परत देण्याचा उपक्रम चालतो. आम्हांस तो एखाद्या कीर्तनाच्या उत्तररंगाइतका प्रिय आहे.

घरी विसर्जन करावयाचे म्हटले की श्रद्धाळू मन अडते. पुण्यास एका कीर्तनानंतर ऐंशीच्या घरातील एक आजी आमच्यापाशी आल्या. म्हणाल्या, ‘‘बुवा, नातू म्हणतो बादलीत विसर्जन करू. न्हाणीघरातल्या बादलीत देव बुडवायचा? तुम्हीच सांगा.’’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही विचारले, ‘‘आजी, घरात जुने घंगाळ आहे का?’’ माळ्यावर होते. ‘‘ते चिंचेने घासून घ्या, पाटावर मांडा, रांगोळी घाला, पाण्यात गंगा-कृष्णांचे आवाहन करा. कलशात करतोच ना आपण? मग घंगाळात का येणार नाहीत?’’ आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘मग आरतीसुद्धा तिथेच.’’ आजींचा आक्षेप पाण्यास नव्हता, अनादरास होता. आणि तो रास्तच होता.

कृती अवघड नाही. कच्च्या शाडूची मूर्ती काही तासांत, फार तर दिवसभरात विरघळते. माती तळाशी बसू द्यावी, वरचे पाणी झाडांस घालावे, गाळ परातीत वाळवावा. मोरीत मात्र ओतू नये. शाडू बारीक असतो, नळात बसला की सबंध इमारतीस उपद्रव.

आता पत्रीविषयी. एकवीस पत्रींची यादी पाहा : दूर्वा, शमी, बेल, आघाडा, माका, रुई, डोरली, हादगा, विष्णुक्रांता अशी आपल्या कुंपणाची, बांधाची झाडे, आणि त्यांतच देवदार. देवदार हा हिमालयातला वृक्ष. कोकणातल्या किंवा देशावरच्या कोणत्या गृहस्थाच्या परसात तो उभा असणार? बाजारातल्या जुडीत देवदार म्हणून जे येते ते बहुधा एखाद्या शोभेच्या झाडाचे डहाळे असते. शास्त्रकारांस हे ठाऊक नव्हते असे थोडेच! जो उपचार नसेल त्याच्या ठिकाणी अक्षता वाहाव्यात, ही सोय त्यांनीच करून ठेवली आहे. मग जुडीसाठी टेकड्या का ओरबाडाव्यात? एकेक पान पुरते. सज्जातल्या कुंडीत तुळस, मरवा आणि दूर्वा लावल्या तरी तीन पत्री झाल्या. उरलेल्या अठरांस अक्षता.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात गणपतीवर माटोळी बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, रानातली कवंडळे, त्या ऋतूत जे पिकले ते टांगावयाचे. सजावट म्हणाल तर ती, आणि त्या वर्षीच्या रानाची, परसाची हजेरी म्हणाल तर तीही. यथामिलित या शब्दाचे याहून सुंदर भाष्य आम्ही कोठे वाचलेले नाही. थर्माकोलच्या मखरावर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे. पण ती नसती तरी केळीचे खुंट आणि घरातली जरीची साडी यांपुढे ते मखर आम्हांस रुचले नसते.

निर्माल्य नदीत सोडणे हे पुष्कळांस अजून पुण्यकृत्य वाटते. फुले-पाने कुजू लागली म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होतो, आणि वाहते पाणी थोडे असले की मासे तडफडतात. दोरा, तार आणि प्लास्टिक काढून तेच निर्माल्य कुंडीत मातीआड केले, तर दोन-तीन महिन्यांत त्याची माती होते. देवाच्या मस्तकावरचे फूल तुळशीच्या मुळाशी गेले, त्यात अवमान कोणता?

विसर्जनाहून परतताना पाट रिकामा आणू नये अशी जुनी चाल आहे. नदीकाठची चिमूटभर वाळू किंवा माती त्यावर ठेवून घरी आणतात आणि घरात, धान्याच्या कणगीत टाकतात. घंगाळात विसर्जन करणाऱ्यांनी पाटावर काय ठेवावे, असे आम्हांस हल्ली विचारतात. त्यांनी तळाशी बसलेल्या शाडूतलाच एक मुठीएवढा गोळा घ्यावा. कणगी आता घरात नसते. तांदळाच्या डब्याशेजारी तो वर्षभर ठेवावा, आणि पुढल्या श्रावणात मूर्ती सांगावयास जाताना मूर्तिकाराच्या हाती द्यावा.