बँका आणि राजकारण : हैदराबादच्या ठेवीची हकीकत



बँक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पासबुक येते आणि राजकारण म्हटले की निवडणुकीची सभा. या दोहोंचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो आपल्या बीड जिल्ह्याच्याच इतिहासावरून सांगावयाचा आहे. मी शाळा फार शिकलेलो नाही; युनियनचे काम करता करता जे वाचले, तेच आपणांपुढे ठेवतो.

1948 च्या सप्टेंबरपर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. या राज्याचा हाली शिक्का वेगळा, सरकारी बँकही वेगळी. 1947 मध्ये भारताशी जैसे थे करार झाला, आणि त्याच सुमारास निजाम सरकारने पाकिस्तानला भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने 20 कोटी रुपयांचे कर्ज दिले. तोफ डागली गेली नव्हती. पण पैसा आधीच एका बाजूला जाऊन उभा राहिला होता.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजाम शरण आला. त्यानंतर तीनच दिवसांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील हैदराबाद सरकारच्या खात्यातून 10,07,940 पौंड 9 शिलिंग पाकिस्तानचे हायकमिशनर रहिमतुला यांच्या नावावर वळते झाले. सूचना निजामाचे मंत्री मोईन नवाज जंग यांची होती. आठवड्याभरात निजामाने कळविले की, हे माझ्या परवानगीवाचून झाले, पैसे परत करा. बँकेचे उत्तर होते : आता ज्यांच्या नावे पैसा आहे, त्यांच्या संमतीवाचून तो हलणार नाही.

हे उत्तर मला चांगले समजते. आमच्या युनियनच्या खात्यावर दोघांच्या सह्या लागत. एकदा संपाच्या ऐन दिवसांत जुना खजिनदार रुसून बसला. पैसा कामगारांच्या वर्गणीचा, चूल कामगारांची विझलेली. पण सही एक आणि म्हणून पैसा बंद. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. तो नियम सांगत होता. मात्र त्या नियमाने संप मोडता मोडता वाचला.

लंडनमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर झाले. 1954 साली निजामाने दावा लावला. परकीय सार्वभौम राष्ट्राला त्याच्या मर्जीविरुद्ध आपल्या न्यायालयात खेचता येत नाही, असे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1957 साली ठरविले आणि दावा थांबला. पैसा ना निजामाला, ना पाकिस्तानला, ना भारताला! पुढे 2013 साली पाकिस्तान स्वतःच कोर्टात गेले, तेव्हा ही अडचण सरली. 2 ऑक्टोबर 2019 रोजी निकाल भारत व निजामाचे वारस यांच्या बाजूने लागला. तोवर 71 वर्षे लोटली होती आणि रक्कम सुमारे 3.5 कोटी पौंड झाली होती.

यावरून काय घ्यावयाचे? बँक सभेत भाषण करीत नाही, झेंडा घेत नाही. एक सही मानणे आणि दुसरी न मानणे, एवढ्यानेच ती राज्यांच्या भांडणात उतरते. दुसरे असे की, पैसा ज्या देशाच्या बँकेत, तेथील कायद्याचे राज्य त्यावर चालते. 2022 साली युक्रेनवर स्वारी होताच अमेरिका, युरोप इत्यादींनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे 30,000 कोटी डॉलरची गंगाजळी गोठविली. तीही एक लढाईच, फक्त बंदुकीवाचूनची.

आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. संस्थानचा खजिना शेतसारा भरणाऱ्यांच्या घामावर उभा होता. त्यात सिंदफणेकाठचा कुणबीही आला. लंडनच्या कोर्टात राजा होता, वारस होते, दोन राष्ट्रे होती; तो कुणबी कोठेच नव्हता. 1969 साली 14 मोठ्या बँका सरकारने ताब्यात घेतल्या, तेव्हा शेतकऱ्याचे नाव निदान उच्चारले तरी गेले. पण मालकी बदलली म्हणून हिशेब आपोआप आपला होत नाही. पतसंस्था असो, युनियन असो वा राष्ट्र असो, सही कोणाची चालते, हे ठेवणाऱ्याने विचारीत राहिले पाहिजे. वार्षिक सभेत चहा पिऊन उठू नका. हा प्रश्न विचारून उठा, एवढीच विनंती.