बाळाच्या मेंदूची पहिली शिदोरी

तुमच्यापैकी कोणी निफाड-दिंडोरीकडच्या खेड्यातले असेल, तर गाय व्याल्यावर मोठी माणसे कशाची वाट पाहत बसतात हे त्याला सांगायला नको. वासरू उठून उभे राहिले तरी त्यांचे समाधान होत नाही. वार पडली की मगच जीव भांड्यात पडतो. मग ती वार खड्ड्यात पुरतात आणि तिची गोष्ट तिथेच संपते. माणसाच्या वारेचीही बहुधा हीच गत. सुमारे अर्धा किलो वजनाचा, ताटलीएवढा हा अवयव नऊ महिने काय करत होता, हे विचारायला त्या गडबडीत कोणाला सवड असते?

वारेतून आईच्या रक्तातले अन्न व प्राणवायू बाळाकडे जातात आणि बाळाकडची टाकाऊ द्रव्ये आईकडे येतात, हे तुम्ही शिकला असाल. दोघांचे रक्त मात्र मिसळत नाही. पण वार म्हणजे नुसती गाळणी नव्हे. बाळाच्या मेंदूला लागणारे एक रसायनही तिच्याच वाटेने येते. त्याचे नाव सेरोटोनिन.

१९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी ते रक्तरसातून वेगळे काढले. रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य म्हणून ते सापडले. पुढे मेंदूतला निरोप्या म्हणून गाजले. गंमत अशी, की शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनते! त्याचा कच्चा माल म्हणजे ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो आम्ल. ते शरीराला बनवता येत नाही. दूध, डाळी, शेंगदाणे यांतूनच मिळवावे लागते. (केळ्यात तयार सेरोटोनिन असते खरे, पण खाल्लेले बहुतेक सेरोटोनिन आतडे आणि यकृत मोडून टाकतात.)

आता अडचण पाहा. गर्भाच्या मेंदूत सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी मागच्या भागात उगवतात. त्यांचे तंतू पुढच्या मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि पुढच्या मेंदूची बांधणी तर त्याआधीच सुरू झालेली असते. मग तिथे हे द्रव्य येते कोठून?

२०११ साली बॉनिन, लेव्हिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर उंदरांत शोधले. त्यांनी वार शरीराबाहेर जिवंत ठेवली आणि आईच्या बाजूने तिच्यात ट्रिप्टोफॅन सोडले. नाळेच्या बाजूने सेरोटोनिन बाहेर आले! म्हणजे वार हाच कारखाना होता.

प्रश्न सुटला असे वाटते ना? पण २०१८ साली येल विद्यापीठातील क्लिमन यांच्या गटाने माणसाच्या वारा तपासल्या. सेरोटोनिन बनवण्यास आवश्यक असलेले विकर त्यांना एकाही अवस्थेत दिसले नाही. दिसली ती आईच्या रक्तातले तयार सेरोटोनिन आत ओढून घेणारी दारे. इतर काही संशोधकांना मात्र माणसाच्या वारेतही त्या विकराच्या खुणा मिळाल्या आहेत. कारखाना की वाहतूकदार, हा वाद अजून चालूच आहे.

वाद वरवरचा नाही, कारण उदासीनतेवरची काही औषधे नेमकी हीच दारे अडवतात. मुंबईला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने असे एक औषध, फ्लुऑक्सेटिन, नवजात उंदरांना दुसऱ्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत दिले. ते उंदीर मोठेपणी अधिक भित्रे निघाले. तेच औषध मोठ्या उंदराची भीती कमी करू शकते! म्हणजे मात्रेइतकेच वेळेलाही महत्त्व. अर्थात ही उंदरांची गोष्ट झाली. ती वाचून एखाद्या गर्भवतीने आपले औषध मनानेच बंद करणे घातक ठरेल, कारण उपचाराविना राहिलेली उदासीनताही आई आणि बाळ दोघांना बाधते. तो निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्यायचा.

माणसाबाबत निश्चित उत्तर मिळणे अवघड का, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. वार सहसा हाती येते ती बाळ जन्मल्यावर, आणि ही शिदोरी तर पहिल्या काही महिन्यांतच पोचवायची असते.