चूक मान्य, निकाल कायम

६ ऑक्टोबर १९९० या दिवशी अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठाच्या मैदानावर एका संघाला चारऐवजी पाच प्रयत्न मिळाले. पाचव्या प्रयत्नात तो संघ जिंकला, आणि त्या हंगामाअखेर राष्ट्रीय विजेता म्हणून त्याचे नाव नोंदले गेले. पाच प्रयत्न झाले हे कोणीही नाकारले नाही. पंचांना शिक्षाही झाली. निकाल मात्र आजही तोच आहे.

हा फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या पेठांत किंवा गोव्यात खेळतात तो नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या भिंतीतून वाट काढायची, असा हा अमेरिकन खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर नवे चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. या प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. कितवा डाउन चालू आहे हे सीमारेषेबाहेर उभा असलेला एक माणूस काठीवरच्या आकड्याने दाखवतो. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण. इतके कळले की त्या दिवसाची गोष्ट समजते.

यजमान मिझुरी ३१-२७ असे पुढे होते. सामना संपायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ होता आणि पाहुणा कोलोरॅडो संघ शेवटच्या रेषेपासून तीन यार्डांवर येऊन ठेपला होता. पहिल्या डाउनला त्यांनी घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला. नियमात हे बसते, फक्त त्यात एक डाउन खर्ची पडतो. दुसऱ्या डाउनला त्यांचा धावपटू रेषेच्या अलीकडेच अडवला गेला. कोलोरॅडोने विश्रांती मागितली, आणि या विश्रांतीत काठीवरचा ‘२’ हा आकडा बदलून ‘३’ करायचा राहिला. पुढचे सगळे त्या न बदललेल्या आकड्यावर चालले. तिसरा डाउन दुसरा म्हणून खेळला गेला, तोही अडवला गेला. चौथा डाउन तिसरा समजून कोलोरॅडोने चेंडू पुन्हा जमिनीवर आपटला. खरे तर तिथेच चेंडू मिझुरीकडे जायला हवा होता, म्हणजे सामनाच संपला असता. पण दोन सेकंद बाकी असताना ‘चौथा’ म्हणून पाचवा डाउन झाला आणि क्वार्टरबॅक चार्ल्स जॉन्सन रेषेवर कोसळला. तो रेषेपलीकडे पोचला की नाही यावरही मिझुरीचे लोक आजवर वाद घालतात. पंचांनी बराच वेळ खल केला आणि ३३-३१ हा निकाल कायम केला.

मैदानावर सात पंच होते. दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक, त्यांचे मदतनीस, पत्रकार आणि हजारो प्रेक्षकही होते. त्यांतल्या अनेकांनी बोटांवर मोजून पाच डाउन झाल्याचे ओळखले होते. पण नियमाने मोजण्याचा अधिकार ज्यांचा, त्यांनी मोजले नाही.

मिझुरीने दाद मागितली. दोन्ही विद्यापीठे ज्या संघटनेत होती तिने, म्हणजे बिग एट कॉन्फरन्सने, सातही पंचांना बेमुदत निलंबित केले आणि निकाल बदलता येणार नाही असे कळवले. कोलोरॅडोचे प्रशिक्षक बिल मकार्टनी स्वतः मिझुरी विद्यापीठाचेच माजी खेळाडू. विजय परत करण्याचा विचार केला, पण मैदान इतके निसरडे होते की तो करणार नाही, अशा आशयाचे ते बोलले. या सामन्याबद्दलचा पश्चात्ताप त्यांनी जाहीरपणे व्यक्त केला तो १९९८ साली. त्या हंगामात कोलोरॅडोने ऑरेंज बोलच्या सामन्यात नोत्र दामला १०-९ असे एका गुणाने हरवले (तिथेही नोत्र दामची शेवटची मोठी धाव पंचांनी रद्द केली होती) आणि पत्रकारांच्या मतदानात पहिला क्रमांक मिळवला. प्रशिक्षकांच्या मतदानात जॉर्जिया टेक पहिले आले, म्हणून विजेतेपद वाटून गेले. मिझुरीच्या नावावर त्या वर्षी चार विजय आणि सात पराभव आहेत. त्या सातांतला एक हा.

माझा भाचा शिकायला मिझुरीला गेला तेव्हा ही हकिगत मी त्याच्याकडून प्रथम ऐकली. मी या खेळाचा जाणकार नाही. माझी पंचवीसेक वर्षे पतसंस्था आणि सोसायट्यांची दप्तरे तपासण्यात गेली, त्यामुळे मला त्यात खेळापेक्षा दप्तर जास्त दिसले. चूक सापडली, ती मान्य झाली, चूक करणाऱ्यावर कारवाई झाली, आणि चुकीची नोंद तशीच ठेवून ताळेबंद मंजूर झाला. असे कुठल्या व्यवस्थेत होते, म्हणून मी जुनी वर्तमानपत्रे, कॉन्फरन्सांची निवेदने आणि नियमपुस्तके वाचू लागलो.

महाविद्यालयीन फुटबॉलचे नियम एनसीएए ही राष्ट्रीय संस्था करते. पंच मात्र तिचे नोकर नसतात. त्यांची निवड, नेमणूक, दर आठवड्याचे मूल्यमापन, बढती आणि शिक्षा हे सारे कॉन्फरन्स पाहतात. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी एकत्र येऊन बांधलेला गट. दूरचित्रवाणीचे करार करणारा आणि त्यांचे पैसे सभासदांत वाटणारा गटही तोच. पंच बहुतेक अर्धवेळ. आठवडाभर आपापली नोकरी किंवा व्यवसाय आणि शनिवारी शिट्टी. ज्या मैदानावर हा माणूस उभा असतो तिथल्या एखाद्या नामांकित प्रशिक्षकाचा वार्षिक पगार एक कोटी डॉलरहून अधिक असू शकतो. सामन्याची चित्रफीत पाहून पंचाच्या प्रत्येक निर्णयाला गुण दिले जातात आणि हंगामाअखेरचे मानाचे सामने त्या गुणांवर मिळतात. म्हणजे तपासणी होत नाही असे कोणी म्हणू नये. तपासणी काटेकोर होते. पण ती नेमणूक करणाऱ्याच्याच घरात होते आणि तिचा कागद बाहेर येत नाही. ज्याने दप्तर लिहिले त्याने ते तपासायचे नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. इथे तो पाळलेला मला दिसला नाही.

यंत्र आले की प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटले होते. बिग टेन कॉन्फरन्सने २००४ मध्ये चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची पद्धत प्रायोगिक म्हणून सुरू केली आणि दोन वर्षांत ती सर्वत्र पसरली. त्याच २००६ सालच्या सप्टेंबरात ओरेगन विरुद्ध ओक्लाहोमा सामन्यात शेवटच्या सव्वा मिनिटात ओरेगनला चेंडू बहाल झाला. चेंडू ओक्लाहोमाच्या खेळाडूच्या हातात असल्याचे दूरदर्शन संचावर लाखो लोक पाहत होते, तरी चित्रफितीच्या खोलीतूनही निर्णय बदलला नाही. ओरेगन ३४-३३ जिंकले. पंच ओरेगनच्याच पॅक-१० कॉन्फरन्सचे होते. कॉन्फरन्सने माफी मागितली, पंचमंडळाला एका सामन्यासाठी निलंबित केले. ओक्लाहोमा विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड बोरेन यांनी हा सामना नोंदीतूनच काढावा असे पत्र लिहिले, त्याचा उपयोग झाला नाही. चित्रफीत तपासणाऱ्या पंचाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्या हंगामात तो पुन्हा कामावर आला नाही. व्यवस्थेने आपला हिशेब बंद दाराआड ठेवला की लोकांचा राग एका माणसाच्या घरच्या फोनवर जाऊन आदळतो. या प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच.

२०१५ मध्ये मायामीने ड्यूकविरुद्ध शेवटच्या क्षणी आठ वेळा चेंडू मागे किंवा आडवा फेकत ७५ यार्ड पार करून सामना जिंकला. चित्रफीत तपासायला सुमारे नऊ मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी एसीसी कॉन्फरन्सने एकाच डावपेचात पंचांच्या चार चुका मोजून दाखवल्या. एका खेळाडूचा गुडघा चेंडू सोडण्याआधीच टेकला होता, ही त्यांतली एक. पंचमंडळ दोन सामन्यांसाठी निलंबित, निकाल ३०-२७ कायम.

पण ज्या सामन्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो पुढच्याच वर्षीचा, १० सप्टेंबर २०१६ चा. ओक्लाहोमा स्टेट आपल्या मैदानावर सेंट्रल मिशिगनविरुद्ध २७-२४ असे पुढे. शेवटचे काही सेकंद, चौथा डाउन. ओक्लाहोमा स्टेटच्या क्वार्टरबॅकने वेळ संपवण्यासाठी चेंडू लांब, कोणीच नसलेल्या जागी भिरकावला. घड्याळ शून्यावर आले. असा चेंडू टाकून देणे हा नियमभंग आहे, पंचांनी तो बरोबर पकडला. मात्र वेळ संपल्यावरही सेंट्रल मिशिगनला त्यांनी एक जादा प्रयत्न दिला. नियमपुस्तक याबाबत स्पष्ट आहे: चेंडू बाळगणाऱ्या संघाच्या ज्या गुन्ह्याच्या शिक्षेत डाउन गमावणे येते, त्यासाठी वेळ वाढवायची नाही. सामना संपलेला होता. त्या नसलेल्या प्रयत्नात सेंट्रल मिशिगनने ५१ यार्डांची धाडसी चाल यशस्वी केली आणि ३०-२७ असे जिंकले.

इथे कोणाच्या नजरेची चूक नव्हती. गुडघा टेकला की नाही, हात लागला की नाही, असा वादच नव्हता. पुस्तकातले एक वाक्य मैदानावर कोणाला आठवले नाही आणि वर खोलीत बसलेल्यांनीही खाली कळवले नाही. मुख्य पंचाने त्याच दिवशी चूक कबूल केली. मैदानावरचे पंच पाहुण्यांच्या मिड-अमेरिकन कॉन्फरन्सचे, वरचे पंच यजमानांच्या बिग १२ चे. दोघांनाही दोन-दोन सामन्यांची शिक्षा झाली. आणि निकाल? त्याच पुस्तकात दुसरे वाक्य आहे: मुख्य पंचाने सामना संपल्याचे जाहीर केले की गुणसंख्या अंतिम. एक नियम मोडून मिळालेला विजय दुसऱ्या नियमाने पक्का झाला.

याचे मोल काय? सेंट्रल मिशिगनने साखळी हंगाम सहा विजय आणि सहा पराभवांवर संपवला. हंगामोत्तर ‘बोल’ सामन्यासाठी साधारणपणे सहा विजय लागतात. त्यांना तो सामना मिळाला. बारा सामन्यांच्या हंगामात एका निकालाचे वजन असे असते. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या स्पर्धेत २०१४ पासून चार आणि २०२४ पासून बारा संघ घेतात. कोण आत आणि कोण बाहेर हे एकेका पराभवावर ठरू शकते.

मग ज्याचे नुकसान झाले त्याने निदान बोलावे की नाही? एसईसी या बलाढ्य कॉन्फरन्सने २००९ मध्ये पंचांवर जाहीर टीका करणाऱ्यांना दंड करण्याचे धोरण कडक केले आणि त्याच वर्षी फ्लोरिडाचे प्रशिक्षक अर्बन मायर यांना ३०,००० डॉलर दंड झाला. २०२० मध्ये ऑबर्नविरुद्धच्या सामन्यात चेंडू ऑबर्नच्या खेळाडूला लागला की नाही हे पंचांनी थांबून तपासले नाही, अशी ओल मिस संघाची तक्रार होती. खेळ थांबवून तपासायला हवे होते असे कॉन्फरन्सने स्वतःच निवेदन काढून मान्य केले. आणि हीच गोष्ट समाजमाध्यमावर पुढे पाठवली म्हणून ओल मिसचे प्रशिक्षक लेन किफिन यांना २५,००० डॉलर दंड केला. दंडाची पंचवीस लाख सेंटांची चिल्लर कुठे पाठवू, असे त्यांनी विचारले. विनोद म्हणून तो बरा आहे, पण तक्रार खरी आणि तक्रारदार दंडपात्र, हा न्याय मला आमच्या काही सोसायट्यांच्या वार्षिक सभांत पाहिल्यासारखा वाटतो.

निकाल बदलायचा नाही या भूमिकेमागे मूर्खपणा आहे असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या मिनिटाला झालेली चूक दुरुस्त केली तर पुढची अठ्ठावन्न मिनिटे कशी झाली असती हे कोण सांगणार? प्रत्येक सामना सोमवारी कचेरीत पुन्हा खेळला जाईल, वकील येतील. हे सगळे मान्य. पण मिझुरीत चौथ्या डाउननंतर उरले होते दोन सेकंद आणि स्टिलवॉटरला काहीच उरले नव्हते. चुकीनंतर खेळच उरलेला नाही, चूक नजरेची नसून मोजणीची किंवा नियमाची आहे, आणि ती पंचांनी स्वतः कबूल केली आहे, एवढ्या तीनच अटींत बसणाऱ्या प्रसंगांसाठी दोन्ही कॉन्फरन्सांबाहेरच्या तीन माणसांची समिती अठ्ठेचाळीस तासांत निर्णय देऊ शकेल. असे प्रसंग दशकात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ओरेगनचा सामना यात बसणार नाही, ड्यूकचाही कदाचित नाही, आणि ते बसू नयेत असेच माझे मत आहे.

पारदर्शकतेकडे अलीकडे थोडी पावले पडली आहेत. २०२५ च्या हंगामात एसीसीने काही सामन्यांत मैदानावरचा मुख्य पंच आणि चित्रफीत तपासणारे यांच्यातले बोलणे प्रेक्षकांना थेट ऐकवायला सुरुवात केली. त्याच्या आदल्या वर्षी टेक्सास विरुद्ध जॉर्जिया सामन्यात एका निर्णयावर चिडून प्रेक्षकांनी मैदानावर बाटल्या फेकल्या होत्या. सफाई चालू असताना पंचांनी पुन्हा आपापसात चर्चा केली आणि निर्णय फिरवला. नवा निर्णय बरोबर होता. टेक्सासला अडीच लाख डॉलर दंड झाला. पण बाटल्यांमुळे मिळालेल्या वेळात पंच एकमेकांशी काय बोलले हे जॉर्जियाच्या बाजूला ऐकता आले असते, तर निर्णय बाटल्यांनी फिरवला हा संशय इतका टिकला नसता.

राहता राहिले, मोठ्या संघांत निकाल उलटण्याचे प्रसिद्ध उदाहरण. तेही पाचव्या डाउनचेच. १६ नोव्हेंबर १९४० रोजी हॅनोव्हर येथे डार्टमथ ३-० असे पुढे असताना कॉर्नेलने अखेरच्या क्षणी गुण मिळवले आणि ७-३ असा विजय नोंदवला. कॉर्नेल तेव्हा सलग अठरा सामने अपराजित होते. सोमवारपर्यंत चित्रफितीवरून स्पष्ट झाले की तो पाचवा डाउन होता. मुख्य पंच रेड फ्रिझेल यांनी लेखी कबुली दिली आणि त्यातच हेही लिहिले की सामना संपताच आपला अधिकार संपला, चुकीचा निर्णयही बदलण्याची मुभा नियम देत नाहीत. निकाल बदलायला अधिकारी कोणीच नव्हते. तेव्हा कॉर्नेलने डार्टमथला तार करून विजयावरचा हक्क सोडला. डार्टमथने तो स्वीकारला. पुढच्या शनिवारी कॉर्नेल पेनसिल्व्हेनियाकडून २२-२० असे हरले. दोन्ही विद्यापीठांच्या नोंदवहीत हॅनोव्हरच्या सामन्यापुढे आजही आकडा आहे तो ३-०.