काम किती दिवसांचं, प्लॅस्टिक किती वर्षांचं?

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली आणि खारघरच्या कडेचं बेलपाडा हे तिच्या अकरा स्थानकांपैकी एक झालं. खालून मान वर करून पाहिलं तर डोळ्यांत भरतं ते काँक्रीट. पण अशा उन्नत मार्गांवर खांबाचा माथा आणि गर्डर यांच्यामध्ये बहुधा एक काळी गादी, म्हणजे बेअरिंग, असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. निओप्रीन रबराचे थर आणि पोलादी पत्रे एकत्र भाजून ती केलेली असते. काँक्रीट उन्हानं फुगतं : तीस मीटरचा गर्डर वीस अंशांच्या फरकानं सुमारे सात मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला वाव दिला नाही तर खांबाला तडे जातील. पत्र्यांमुळे गादी वजनाखाली पसरत नाही आणि रबरामुळे आडवी झुकू शकते. हे दोन्ही गुण दगडात नाहीत, लाकडात नाहीत, पोलादात एकत्र आणायचे तर रोलर हवेत, वंगण हवं आणि ते घालायला माणूसही हवा.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रानं प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हापासून प्लॅस्टिक म्हणजे शत्रू असं समीकरण पक्कं झालंय. माझ्या मते ते अर्धवट आहे. पिशवीचा दोष ती प्लॅस्टिकची आहे हा नव्हे. तिचं काम अर्ध्या तासाचं आणि वय शतकांचं, हा आहे. बेअरिंगचं काम कित्येक दशकांचं, आणि पदार्थही तेवढा टिकणारा. इथे कुणी विचारील, रबर ऊन-वाऱ्यानं चिरतं, त्याचा भरवसा काय? मेलबर्नमध्ये १८८९ साली एका रेल्वे पुलाखाली बसवलेले नैसर्गिक रबराचे तुकडे जवळपास शतकानंतर तपासले गेले. ऱ्हास वरच्या मिलिमीटर-दीड मिलिमीटरपर्यंतच पोचला होता, आतलं रबर शाबूत होतं. जाड तुकड्यात ऑक्सिजनला आत शिरायला फार वेळ लागतो. पातळ पिशवी मात्र सगळीच पृष्ठभाग असते, म्हणून ती उन्हात तुकडे-तुकडे होते आणि ते तुकडे नाल्यात जातात. तेव्हा हा भरवसा आकाराचा आणि जागेचा आहे, रसायनाच्या नावाचा नाही.

हाच हिशोब जमिनीखाली नेला की मात्र पंचाईत होते. पनवेल-उरणच्या खाडीकाठी खाजणाचा मऊ, पाण्यानं भरलेला गाळ आहे. त्यावर भराव टाकला तर पाणी निघून जाईपर्यंत जमीन वर्षानुवर्षं खचत राहते. कार्ल टेर्झागीनं १९२५ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार हा वेळ पाण्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वाट दहावा हिस्सा केली तर वेळ शंभरावा हिस्सा. म्हणून गाळात मीटर-दीड मीटरवर उभ्या पट्ट्या खुपसतात. प्रत्येक पट्टी दहा सेंटिमीटर रुंद आणि चार मिलिमीटर जाड, आत खाचांचा प्लॅस्टिकचा गाभा, बाहेर न विणलेल्या कापडाची गाळणी. अभियंते तिला ‘पीव्हीडी’ म्हणतात. न्हावा शेवा बंदराच्या कंटेनर यार्डांखाली आणि नवी मुंबई विमानतळाच्या जमिनीखाली हीच पद्धत वापरली गेली. जमीन दशकांऐवजी काही महिन्यांत बसते, हा चमत्कार नाकारण्यात अर्थ नाही. पण जमीन बसली की पट्टीचं काम संपतं आणि पट्टी तिथेच राहते. परत उपसणं अशक्य. म्हणजे काम वर्षाचं आणि वय शतकांचं. हे पिशवीचंच गणित, फक्त नजरेआड झालेलं.

‘गाळात गाडलंय, ऊन नाही, घर्षण नाही, मग मायक्रोप्लॅस्टिक कुठून होणार?’ असं उत्तर येतं, आणि ते बरंचसं खरं आहे. (रस्त्याच्या डांबरात मिसळलेल्या प्लॅस्टिकबद्दल तसं म्हणता येत नाही, तिथे टायर रोज घासतात.) तरीही जिथे नाशवंतपणा चालतो तिथे अविनाशी पदार्थ कशाला? ज्यूट आणि काथ्याच्या पट्ट्या सिंगापूरमध्ये १९८०च्या दशकात विकसित झाल्या. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत : खुपसताना तुटायच्या नाहीत, काम संपण्याआधी कुजायच्या नाहीत आणि मापात सारख्या हव्यात. पण या सगळ्या कसोट्या मोजता येतात. निविदेत पदार्थाचं नाव लिहिण्याऐवजी ‘इतके महिने, इतका निचरा, इतका ताण’ एवढंच लिहिलं, तर कोकणातला काथ्याही रांगेत उभा राहू शकेल.