इंजिन एकाच मापाचं, किंमत दीडपट

अमेरिकेत श्टील कंपनीच्या डीलरकडे गेलात तर दोन चेनसॉ एकाच फळीवर शेजारी शेजारी दिसतात: एमएस २७१ आणि एमएस २६१ सी-एम. (या नावाचा पोलादाशी संबंध नाही. १९२६ साली जर्मनीत कंपनी काढणाऱ्या आंद्रेआस श्टील यांचं ते आडनाव.) दोन्हींचं इंजिन ५०.२ सीसीचं. रंगरूप सख्ख्या बहिणींसारखं. पण दुसरीची किंमत पहिलीच्या जवळपास दीडपट. विक्रेत्याला कारण विचारलं तर तो म्हणतो, "ती प्रोफेशनल आहे." उत्तर खोटं नाही, पण त्यातून कळत काहीच नाही.

कागदावर बघायचं तर २७१ ची ताकद २.६ किलोवॅट आणि वजन ५.६ किलो, २६१ ची ताकद ३ किलोवॅट आणि वजन ४.९ किलो. दिवसभर झाडं तोडणाऱ्या माणसाच्या खांद्याला हे सातशे ग्रॅम नक्की कळतात. वादळानंतर अंगणात पडलेली एखादी फांदी तोडणाऱ्या तुम्हाआम्हाला ते फारसे कळणार नाहीत. खरा फरक मात्र आत आहे, आणि तो समजायला टू-स्ट्रोक इंजिनाची थोडी उजळणी करावी लागेल.

पेट्रोल पंपावर ऑइल मिसळून घ्यायची लूना किंवा चेतक ज्यांच्या घरी होती, त्यांना हे इंजिन ओळखीचं आहे. मोटारीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची पेटी, म्हणजे क्रँककेस, तेल साठवते. टू-स्ट्रोकमध्ये तीच पेटी पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की खाली पोकळी तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून हवा, पेट्रोल व ऑइलचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये ढकललं जातं. म्हणून ही पेटी हवाबंद असावीच लागते. कुठे सुईच्या टोकाएवढी गळती झाली तरी जास्तीची हवा शिरते आणि हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. वंगण पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे तेही कमी पडतं. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरच्या भिंतीला घासून तिथेच चिकटतो. यालाच इंजिन 'सीझ' होणं म्हणतात.

आता त्या दोन बहिणींकडे परत येऊ. २६१ ची क्रँककेस मॅग्नेशियमची आहे. साच्यात ओतलेले दोन उभे अर्धे भाग बोल्टने जोडलेले, आणि वर सिलिंडर वेगळा बसवलेला. २७१ मध्ये सिलिंडरचा खालचा भाग हाच पेटीचा वरचा अर्धा. खालून धातूचं एक छोटं झाकण येतं, दोघांमध्ये क्रँकशाफ्ट दाबून बसतो आणि सांधा सीलंटने बंद केला जातो. या रचनेला शिंपल्यावरून 'क्लॅमशेल' म्हणतात. हा सगळा गोळा मग काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या घरात बसवतात. यंत्रावर घासूनपुसून अचूक करायचे पृष्ठभाग कमी, त्यामुळे खर्चही कमी. प्लास्टिक म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, हे नायलॉन चांगलंच दणकट असतं.

दुरुस्तीच्या वेळी मात्र हिशोब बदलतो. पहिल्या प्रकारात मफलर, कार्ब्युरेटर बाजूला केले आणि सिलिंडरचे चार बोल्ट सोडले की सिलिंडर वर उचलून पिस्टन बघता येतो. क्लॅमशेलमध्ये पूर्ण इंजिन घरातून उपसून काढावं लागतं. इकडच्या मजुरीच्या दरात तेवढ्या तासांचे पैसे धरले की दुकानदार सरळ सांगतो, नवीन घ्या. म्हणजे महागड्या करवतीच्या किमतीत पुढच्या दुरुस्तीची सोय आगाऊ विकत घेतलेली असते. वर्षातून चार वेळा वापर असेल तर ती सोय तुमच्या उपयोगाची नाही; माझं मत विचाराल तर २७१ पुरे.

किंमत वाढवणारं दुसरं कारण धुराचं आहे. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येतानाच जळका वायू बाहेर ढकलतं, आणि त्या गडबडीत साधारण पाव भाग पेट्रोल न जळताच निघून जातं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत छोट्या इंजिनांवर नियम आले. त्यावर कंपन्यांनी काढलेली युक्ती सुरेख आहे: मिश्रणाच्या आधी नुसत्या हवेचा एक थर सोडायचा, म्हणजे बाहेर निसटली तर हवा निसटेल. हुस्कवर्नाची एक्स-टॉर्क आणि श्टीलची टू-मिक्स या दोन्ही पद्धती याच तत्त्वावर चालतात. २६१ सी-एममध्ये इंधनाचं प्रमाणही इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं. गंमत अशी, की जी करवत पान्याने खोलायला सोपी तिचंच निदान करायला डीलरच्या उपकरणाची गरज पडू शकते. जुन्या करवतीला एक स्क्रू-ड्रायव्हर आणि तयार कान पुरत असे.

म्हणूनच गॅराज सेलमध्ये पंचवीस-तीस डॉलरला मिळणाऱ्या जुन्या करवतींचा अनेकांना मोह पडतो. त्यांच्यात बहुतेक वेळा धातू शाबूत असतो, मरतं ते रबर. चेनसॉच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट नसतो, कारण करवत आडवी-उलटी कशीही धरावी लागते. तिथे रबरी पडदे असतात आणि वयाने ते ताठरतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने राहिलं तर ते हवेतला ओलावा शोषतं. पाणी फार झालं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो. टाकीतला फिल्टरही तळाशीच, आणि त्या थरात वंगण जवळजवळ नसतं!

पडदे, नळी आणि क्रँकशाफ्टची सीलं बदलली की काम बरंचसं होतं. त्यानंतर सिलिंडरची दोन्ही तोंडं बंद करून साधारण अर्धा बार दाब भरावा आणि तो टिकतो का पाहावं. मग तसंच निर्वात करूनही पाहावं. ही तपासणी टाळून करवत चालू करणं म्हणजे नव्या पिस्टनला सीझ व्हायचं आमंत्रण.

सीझ झालेला सिलिंडरही नेहमीच वाया जात नाही. त्याच्या आत कठीण क्रोमियमचा किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असतो आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम वरवर माखलेलं असतं. निकेलच्या लेपावर कापसाच्या बोळ्याने मुरिएटिक ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, लावलं की ॲल्युमिनियम फसफसून विरघळतं. क्रोमियमवर मात्र हे आम्ल चालत नाही, ते लेपच खातं. तिथे कॉस्टिक सोडा वापरतात. आणि लेप कुठे सोललेला असेल तर दोन्ही रसायनं खालचं ॲल्युमिनियम पोखरतील, कारण सिलिंडरही त्याच धातूचा. दोन्ही वेळा हायड्रोजन सुटतो, तेव्हा काम उघड्यावर, चष्मा आणि हातमोजे घालून, ठिणगीपासून लांब.

काही करवती मात्र भिंतीवर टांगण्यापुरत्याच ठेवाव्यात. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत क्षणात चेहऱ्याकडे उसळते. ती उसळी आली की साखळी थांबवणारे चेन ब्रेक १९७० च्या दशकात येऊ लागले. त्याआधीच्या कित्येक करवतींना कंप शोषणारी रबरी बैठकही नव्हती. बोटं पांढरी पडून बधिर होण्याचा आजार जंगलकामगारांना त्यातूनच जडत असे. तेव्हा जुनी करवत विकत घेताना इंजिनाची दोरी ओढण्याआधी पुढच्या मुठीसमोरचा ब्रेकचा दांडा पुढे ढकलून बघा. साखळी हाताने, हातमोजा घालूनच, सरकवून पाहा. सरकली, तर आधी ब्रेकचा पट्टा बदलायचा, इंजिनाचं नंतर.